बो की कॅम? ऑबर्नचा सर्वांत मोठा खेळाडू कोण

नमस्कार मंडळी.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ऑबर्न नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती साधारण ७६ हजार. आणि त्या गावातल्या जॉर्डन-हेअर स्टेडियममध्ये माणसं मावतात ८७ हजारांहून जास्त. म्हणजे अख्खं गाव आत जाऊन बसलं तरी खुर्च्या उरतील. पण शनिवारी सामना असला की त्या उरत नाहीत.

[पडद्यावर: स्टेडियमबाहेरचे तीन पुतळे]

या स्टेडियमच्या बाहेर तीन खेळाडूंचे पुतळे आहेत. पॅट सलिव्हन, बो जॅक्सन आणि कॅम न्यूटन. तिघांनीही हाइझमन ट्रॉफी जिंकली. देशभरातल्या कॉलेज फुटबॉलमधल्या (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि फेकण्याचा खेळ) सर्वोत्तम खेळाडूला दरवर्षी मिळणारा हा मान. ज्यांच्या नावाने ती दिली जाते, ते जॉन हाइझमन १८९५ ते १८९९ या काळात ऑबर्नचेच प्रशिक्षक होते. त्यामुळे या ट्रॉफीचं तिथे जरा जास्तच अप्रूप आहे.

पुतळे तीन झाले, पण त्यातला सर्वांत मोठा कोण? ऑबर्नच्या चार चाहत्यांना एकत्र बसवून हा प्रश्न टाका, रात्र सरेल पण वाद सरणार नाही. मी या वादात अनेक वर्षं मनापासून गुंतलोय आणि माझं उत्तर पक्कं आहे. ते कसं आलं, ते आज सांगतो.

आधी एक अट. ऑबर्नच्या जर्सीत जे केलं, तेवढंच मोजायचं. ही अट फार महत्त्वाची आहे, कारण बो जॅक्सन पुढे व्यावसायिक बेसबॉल आणि व्यावसायिक फुटबॉल, दोन्ही खेळांत ऑल-स्टार झाला. असं करणारा तो पहिला. कॅम न्यूटन २०१५ मध्ये एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन्ही गोष्टी थोर आहेत, पण त्या ऑबर्नच्या खात्यात जमा होत नाहीत.

सुरुवात सलिव्हनपासून, कारण तरुण चाहते त्याला पटकन विसरतात. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढचा डाव ठरवणारा. १९६९ ते १९७१ अशी तीन वर्षं खेळला. तीनच का, तर त्या काळात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळायला परवानगीच नव्हती. ती १९७२ मध्ये मिळाली. त्या तीन वर्षांत त्याने पासवर, म्हणजे चेंडू फेकून, संघाला ६,२८४ यार्ड पुढे नेलं आणि ५३ टचडाउन काढले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचवला, तेही धावण्यावर भर असलेल्या जमान्यात. १९७१ मध्ये जॉर्जिया आणि ऑबर्न दोघेही अपराजित असताना, जॉर्जियाच्या मैदानावर त्याने चार टचडाउन पास टाकले आणि ऑबर्नने सामना ३५-२० ने जिंकला. हाइझमन त्याच दिवशी ठरली असं मानणारे बरेच आहेत, आणि मलाही तसंच वाटतं. पण त्याच मोसमात राज्यातल्याच अलाबामा विद्यापीठाने ऑबर्नला ३१-७ असं धुतलं. सलिव्हन माझ्या यादीत तिसरा.

आता खरी लढत.

[पडद्यावर: कॅम न्यूटन, २०१०]

कॅम न्यूटन ऑबर्नसाठी एकच मोसम खेळला. आधी फ्लोरिडा विद्यापीठात होता, तिथून टेक्ससमधल्या ब्लिन या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात गेला, त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि २०१० मध्ये ऑबर्नला आला. त्या एका मोसमात त्याने काय केलं ते नीट ऐका. पासवर २,८५४ यार्ड आणि ३० टचडाउन. स्वतः धावून १,४७३ यार्ड आणि २० टचडाउन. क्वार्टरबॅकचं काम मुख्यतः पास टाकण्याचं असतं. इथे तो संघाचा सर्वांत जास्त धावणारा खेळाडूही होता. एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठ, यासारख्या तगड्या संघाविरुद्ध त्याने एकट्याने धावून २१७ यार्ड काढले. ऑबर्नने चौदाच्या चौदा सामने जिंकले आणि शेवटी ओरेगनला २२-१९ ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्याआधीचं होतं १९५७ मधलं!

आता कॅमच्या बाजूचा सर्वांत जड मुद्दा मांडतो. २००९ मध्ये ऑबर्न ८ सामने जिंकलं, ५ हरलं. २०११ मध्ये पुन्हा ८ जिंकलं, ५ हरलं. मधल्या वर्षी १४-०. अलीकडेही आठ-पाच, पलीकडेही आठ-पाच. एका माणसाने संघ किती उचलला, याचा इतका स्वच्छ पुरावा कॉलेज फुटबॉलमध्ये क्वचित सापडतो. निक फेअरलीसारखा बचावपटू त्या संघात होता हे खरं, तरीही.

आणि टस्कलूसाचा तो सामना. ऑबर्न विरुद्ध अलाबामा या लढतीला आयर्न बोल म्हणतात. बाकी सगळं हरलं तरी हा एक सामना जिंकायचा, अशी दोन्हीकडची भावना. २०१० मध्ये अलाबामाच्या घरच्या मैदानावर ऑबर्न २४-० ने मागे पडलं. चोवीस-शून्य! नशिबानेही थोडी साथ दिली. अलाबामाचा मार्क इन्ग्रम टचडाउनच्या दिशेने धावत असताना मागून त्याच्या हातातला चेंडू उडवला गेला, आणि तो लंबगोल चेंडू, जो सरळ कधी घरंगळत नाही, सीमारेषेच्या कडेकडेने सरळ घरंगळत शेवटच्या रेषेपलीकडे गेला. ताबा ऑबर्नकडे आला. मग तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच कॅमचा ७० यार्डांचा टचडाउन पास आणि शेवटी निकाल २८-२७.

या पराभवाची चीड इतकी होती की अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नमधल्या टूमर्स कॉर्नरच्या ओक झाडांना तणनाशक घातलं. जिंकल्यावर ऑबर्नची माणसं त्याच झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकून आनंद साजरा करायची. झाडं जगली नाहीत, २०१३ मध्ये ती काढावी लागली. त्या जागी नंतर नवी लावली, पण जुन्या झाडांखाली ज्यांचं तारुण्य गेलं, त्यांना हे आजही बोचतं.

कॅमवर त्या वर्षी एक सावली होती, ती लपवून चालणार नाही. त्याच्या वडिलांनी दुसऱ्या एका विद्यापीठाकडे पैसे मागितल्याचं चौकशीत पुढे आलं. कॅमला किंवा ऑबर्नला याची कल्पना होती, असा पुरेसा पुरावा मात्र सापडला नाही. त्याला तांत्रिकदृष्ट्या अपात्र ठरवून दुसऱ्याच दिवशी पुन्हा पात्र केलं गेलं. आठवड्यामागून आठवडे ही चर्चा कानावर आदळत असताना एकवीस वर्षांच्या पोराने एकही सामना गमावला नाही. मला याचं कौतुक आहे, वडिलांच्या वागण्याचा ठपका मी त्याच्यावर ठेवत नाही.

मग कॅमच का नाही?

[पडद्यावर: ३४ नंबरची जर्सी]

कारण बो जॅक्सन. बेसेमर, अलाबामा इथला. दहा भावंडांतला आठवा, घरची परिस्थिती हलाखीची. १९८२ मध्ये शाळा संपताच न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाने त्याला दुसऱ्या फेरीत निवडलं होतं. करार करून पैसे घ्यायचे की शिकायचं? त्याने आईला कॉलेजात जाण्याचा शब्द दिला होता. तो ऑबर्नला आला.

तेव्हाचं ऑबर्न कसं होतं? आदल्या मोसमात ५ विजय, ६ पराभव. अलाबामाकडून सलग नऊ वर्षं हार. नऊ वर्षं! शाळेत गेलेलं पोर कॉलेजच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्याने आपला संघ शेजाऱ्याला हरवताना पाहिलेलाच नाही. पलीकडे प्रशिक्षक होते बेअर ब्रायंट, त्या काळचं सर्वांत वजनदार नाव.

नोव्हेंबर १९८२, बर्मिंगहॅमचं लीजन फील्ड. अडीच मिनिटांच्या आसपास वेळ शिल्लक. ऑबर्न १७-२२ ने मागे. चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, आणि रेषा एका यार्डावर. समोर अलाबामाची अख्खी भिंत उभी. चेंडू कुणाला द्यायचा? पहिल्या वर्षाच्या पोराला. बोने चेंडू छातीशी धरला आणि भिंतीत घुसण्याऐवजी तिच्यावरून उडी मारली. आडवा, हवेतून. टचडाउन. ऑबर्न २३, अलाबामा २२.

ब्रायंट यांचा तो शेवटचा आयर्न बोल ठरला. दोन महिन्यांत ते गेले. आणि ऑबर्नच्या डोक्यावरचं नऊ वर्षांचं ओझं एका उडीत उतरलं. मी ती चित्रफीत कितीदा पाहिली असेल याची गणती नाही, आणि दर वेळी श्वास रोखला जातो.

पुढच्या वर्षी त्याच अलाबामाविरुद्ध २० वेळा चेंडू घेऊन २५६ यार्ड. ऑबर्न पुन्हा जिंकलं. त्या मोसमात ११ विजय, १ पराभव, शुगर बोल या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात मिशिगनवर ९-७ ने मात आणि बो त्या सामन्याचा मानकरी. तरीही मतदानात पाचव्या क्रमांकावरचं मायामी थेट पहिलं झालं आणि ऑबर्न तिसऱ्यावरच राहिलं. कॅमकडे विजेतेपद आहे आणि बोकडे नाही, हा मुद्दा मांडताना हे लक्षात असू द्या. त्या काळी विजेता मैदानावर नव्हे, मतांनी ठरायचा.

आता एक आकडा, आणि माझा सगळा भर यावर आहे. ६.६.

[पडद्यावर: ६५० धावा, ४,३०३ यार्ड, ४३ टचडाउन]

चार वर्षांत बोच्या हाती चेंडू आला ६५० वेळा आणि त्याने काढले ४,३०३ यार्ड. दर खेपेला सरासरी ६.६ यार्ड. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. म्हणजे खेपेला अडीच यार्ड मिळाले तरी भागतं. बोला दोन खेपा पुरत होत्या. आणि बोच्या पहिल्या तीन वर्षांत प्रशिक्षक पॅट डाय यांची विशबोन रचना होती. त्यात क्वार्टरबॅकच्या मागे तीन धावपटू उभे राहतात आणि चेंडू सगळ्यांत वाटला जातो. १९८३ मध्ये बोला तो फक्त १५८ वेळा मिळाला आणि सरासरी होती ७.७. म्हणून कुणी ‘इतरांचे यार्ड त्याच्यापेक्षा जास्त आहेत’ म्हणालं की मी विचारतो, किती खेपांत? १९८५ मध्ये डाय यांनी रचना बदलून त्याला पुढे केलं. २७८ खेपा, १,७८६ यार्ड, १७ टचडाउन आणि हाइझमन. तीही फक्त ४५ गुणांच्या फरकाने, तोवरची सर्वांत अटीतटीची.

शिवाय त्याच वर्षी ऑबर्नच्या बेसबॉल संघाकडून त्याची फलंदाजीची सरासरी होती .४०१, होम रन १७. ट्रॅकवरही तो विद्यापीठासाठी धावला. फुटबॉलच्या वादात हे मोजू नये हे मान्य. पण कसल्या शरीराबद्दल बोलतोय ते यातून कळतं.

बोच्या विरोधातही बोलायला हवं. १९८४ मध्ये टेक्ससविरुद्ध त्याचा खांदा निखळला आणि मोसमाचा मोठा भाग हुकला. त्याच वर्षीच्या आयर्न बोलमध्ये अगदी रेषेजवळ चौथ्या डाउनला तो चुकीच्या दिशेने ब्लॉक करायला, म्हणजे समोरच्यांना अडवायला गेला आणि ऑबर्न १५-१७ ने हरलं. ती चूक त्याचीच. १९८५ मध्ये दुखापतीमुळे तो दोन मोठ्या सामन्यांतून मध्येच बाहेर पडला, त्यावर टीका झाली आणि संघ चार सामने हरला. मात्र त्या वर्षीच्या आयर्न बोलमध्ये तो मोडलेल्या बरगड्यांनिशी खेळला, हे टीकाकार सांगत नाहीत.

म्हणजे तुलना अशी उभी राहते. एकाच मोसमाचा प्रश्न असेल तर कॅम, आणि मी वाद घालणार नाही. २०१० चा कॅम हा माझ्या मते कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम मोसम आहे. पण प्रश्न मोसमाचा नाही, खेळाडूचा आहे. कॅम आला तेव्हा ऑबर्न एक चांगला संघ होता. त्याने त्याला वर्षभर शिखरावर नेलं, आणि तो गेल्यावर संघ पुन्हा आठ-पाचवर आला. बो आला तेव्हा ऑबर्न शेजाऱ्यापुढे मान खाली घालत होतं. तो गेल्यावर तसं राहिलं नाही. डाय यांचं श्रेय मोठं आहेच, पण १९८७, १९८८ आणि १९८९ अशी सलग तीन वर्षं एसईसीचं, म्हणजे ऑबर्न आणि अलाबामा ज्या विद्यापीठ-गटात खेळतात त्याचं, विजेतेपद ऑबर्नला मिळालं ते बोच्या नंतर, त्याने बांधलेल्या विश्वासावर.

म्हणून माझा क्रम: बो, कॅम, सलिव्हन. चौथा ट्रेसी रॉकर, १९८८ मध्ये आउटलँड आणि लॉम्बार्डी असे दोन्ही पुरस्कार एकाच वर्षी जिंकणारा बचावपटू. त्याचा पुतळा अजून नाही आणि तो असायला हवा असं मला वाटतं, कारण समोरच्याला अडवणाऱ्यांचं नाव या वादात कधी निघतच नाही.

अमेरिकेत शिकणाऱ्या, तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी कुणी ऑबर्नचं असेल, अलाबामाचं असेल, तर तुमचा क्रम खाली लिहा, आणि कारणासकट लिहा.

आणि यँकीजचे पैसे सोडून बो ज्यासाठी आला होता, ती पदवी? व्यावसायिक खेळाच्या धबडग्यात ती अर्धवट राहिली होती. १९९२ मध्ये त्याची आई गेली. १९९५ मध्ये तो ऑबर्नमधून पदवीधर झाला.