मेंदूचं ऑपरेशन: पाच वर्षांच्या मुलीला काय सांगायचं आणि कधी

नमस्कार. मेंदूत गाठ आहे, ऑपरेशनची तारीख ठरली आहे आणि मुलगी आहे पाच वर्षांची. डॉक्टर आई-बाबांना सगळं समजावतात, सह्या घेतात. पण मुलीला कोण सांगणार? पुष्कळ घरांत ठरतं, "तिला काय कळतंय एवढ्यात, तशीच नेऊ." असं करू नका. फोनवरची कुजबुज आणि आजीचे रडून लाल झालेले डोळे तिला दिसत असतात. तुम्ही सांगितलं नाही तर ती स्वतःच कारण शोधते. या वयात ते कारण बहुतेक वेळा असं असतं: मी हट्ट केला म्हणून हे झालं.

म्हणून पहिलं सांगणं हे असू द्या: "तुझ्या डोक्यात आत एक गाठ आलीय. तिच्यामुळे तुझं डोकं दुखतं, सकाळी उलटी होते. तू काही केलंस म्हणून ती आली नाही. दादाने ढकललं म्हणूनही नाही. डॉक्टर ती काढणार आहेत." एवढं बोलून थांबा. ती लगेच खेळायला पळाली तरी चालेल. प्रश्न रात्री, आंघोळ करताना, भलत्याच वेळी येतील.

कधी सांगायचं? दोन-तीन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी. चार ते सहा वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस आधी. सात वर्षांच्या पुढे आठवडाभर आधी. लहान मुलाला "पुढच्या गुरुवारी" म्हणजे काय ते उमगत नाही. फार आधी सांगितलं तर नुसती धास्ती वाढते, आणि स्ट्रेचरवर सांगितलं तर विश्वास जातो.

आता शब्द. "डोकं कापणार", "बेशुद्ध करणार" हे तिच्यासमोर फोनवरसुद्धा बोलू नका. नुसतं "झोपवणार" असं म्हटलं तरी अडचण होते. ती रात्री झोपायला घाबरते, किंवा मध्येच जाग आली तर काय, या विचाराने घाबरते. म्हणून म्हणा, "ही औषधाची झोप. हाक मारली तरी जाग येत नाही, काही दुखत नाही. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ तुझ्यापाशी असतात. काम संपलं की ते औषध बंद करतात आणि मग तू जागी होतेस." नंतर दुखणार नाही, असं वचन मात्र देऊ नका. नंतर दुखतं. "दुखलं की लगेच सांग, त्याचं औषध आहे," हे खरं आहे, तेच सांगा. आणि "जेवली नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील" ही धमकी आजपासून घरात बंद.

तपासण्यांमध्ये सगळ्यात अवघड एमआरआय, म्हणजे मोठ्या चुंबकाच्या यंत्रात मेंदूचं चित्र काढणं. आवाज मोठा, जागा अरुंद, आणि अर्धा ते एक तास अजिबात हलायचं नाही. थोडं हललं तरी चित्र अस्पष्ट येतं. त्यामुळे पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना गुंगीचं औषध किंवा भूल देतात. अगदी तान्ह्या बाळाला काही ठिकाणी दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपेतच आत नेतात. मोठं मूल जागेपणी करू शकेल असं वाटलं तर घरी सराव घ्या. मोबाईलवर एमआरआयचा आवाज लावा, मुलाला पलंगाखाली झोपवा आणि "स्टॅच्यू" खेळा. आधी एक मिनिट, मग तीन, मग पाच.

एमआरआयला निघण्याआधी अंगावरचं सगळं एकदा हाताने चाचपून पाहा. पैंजण, बाळ्या, चांदीचा करदोटा, गळ्यातला ताईत, केसांतल्या पिना, फ्रॉकची धातूची चेन. घाईत ताईत आणि करदोटा हमखास राहून जातात, कारण ते रोजचेच असतात. काजळही पुसा. काही काजळांत धातूचे कण असतात आणि डोळ्यांजवळचं चित्र बिघडतं. डोक्यात आधीच शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढून देणारी, आत बसवलेली नळी) असेल तर त्याचं कार्ड सोबत न्या. काही शंटच्या व्हॉल्व्हची सेटिंग चुंबकाने बदलू शकते, म्हणून एमआरआयनंतर ती तपासावी लागते.

ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवणं, सोपी आहे. आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवा, तेल लावू नका. तेलामुळे वायरी चिकटत नाहीत. मुलीला सांगा की वायरी फक्त ऐकतात, शॉक देत नाहीत. फिटचं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सुई टोचण्याआधी त्वचा बधिर करणारं क्रीम मिळेल का, ते आधीच विचारा. ते चोळायचं नसतं. डॉक्टर सांगतील तेवढा जाड थर लावून वर पारदर्शक पट्टी लावायची आणि साधारण एक तास ठेवायचा. दहा मिनिटांत काही होत नाही. दोन जागी लावून घ्या, पहिली शीर मिळाली नाही तर दुसरी तयार असते. मुलीला आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर तुमच्या छातीशी तोंड करून बसवा, आणि तिचा एक हात तुमच्या काखेखालून नर्सकडे जाऊ द्या.

उपाशी राहणं हा सगळ्यात जास्त गोंधळाचा भाग. सर्वसाधारण नियम असा: जेवण, बिस्किट, वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी. पाणी किंवा गाळलेला सफरचंदाचा रस दोन तास आधीपर्यंत चालतो, काही ठिकाणी एक तासापर्यंत. तुमच्या हॉस्पिटलने दिलेली वेळ अंतिम. दुधाचा चहा "पाण्यात" मोजू नका. भुलेत गिळण्याची आणि खोकण्याची क्रिया थांबते आणि पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं, म्हणून हा नियम. कोणी मायेपोटी अर्धं बिस्किट दिलं असेल तर लपवू नका, सांगून टाका. ऑपरेशन पुढे ढकललेलं परवडतं. उलट बाजूही आहे. ऑपरेशनची वेळ सकाळवरून दुपारवर गेली तर "आता पाणी देऊ का?" असं पुन्हा विचारा. विनाकारण लांबलेल्या उपासाने मूल कोरडं पडतं, चिडतं आणि शीर सापडत नाही. फिटच्या आणि सूज कमी करणाऱ्या औषधांतली सकाळची कोणती मात्रा घोटभर पाण्यासोबत द्यायची, ते आदल्या दिवशी लिहून घ्या.

भुलेच्या डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगा. सध्या किंवा गेल्या काही आठवड्यांत झालेला सर्दी-खोकला, हलणारा दात, आणि चालू असलेली सगळी औषधं, त्यात काढे आणि आयुर्वेदिक गोळ्याही. हलणारा दात श्वासाची नळी घालताना निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो.

केस. किती काढणार, ते सर्जनला विचारा. पुष्कळदा फक्त पट्टाभर काढतात. घरी वस्तऱ्याने डोकं भादरून नेऊ नका. बारीक चिरा पडतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. लहान बाळाचं जावळ अजून काढलेलं नसेल आणि घरच्यांची तशी इच्छा असेल तर ते आधीच बोला. मोठ्या मुलीला तिच्या केसांची बट पाकिटात ठेवायला मिळेल, असं सांगता येतं.

भुलेचा मास्क शक्य असेल तर आधी मागून घ्या. बाहुलीला लावा, मग बाबांना, मग तिला. बाहुलीच्या डोक्याला बँडेजही बांधा.

आता जागं झाल्यावरचं, जे आई-बाबांनाच कोणी नीट सांगत नाही. भुलेतून उठताना दोन ते पाच वर्षांची बरीच मुलं जोरजोरात रडतात, हातपाय झाडतात, तुम्हाला ओळखत नाहीत. बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासात हे ओसरतं आणि नंतर त्यांना आठवत नाही. कवटीच्या पुढच्या भागात काम झालं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजतात की डोळे मिटतात. हे मुलीला आधी सांगाच: "थोडे दिवस डोळे उघडणार नाहीत, मग उघडतील. तोवर माझा आवाज ऐक." न सांगता असं झालं तर तिला वाटतं, आपले डोळे गेले. गाठ लहान मेंदूच्या भागात (डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला) असेल तर एक-दोन दिवसांनी बोलणं बंद पडण्याची शक्यता किती, हे सर्जनला ऑपरेशनआधीच विचारून ठेवा.

डोक्यातून पाणी बाहेर काढणारी नळी असेल तर ती कानाच्या पातळीशी जुळवून लावलेली असते. मूल उठून बसलं किंवा तुम्ही पलंगाचं डोकं वर केलं, तर पाणी जास्त वाहून जाऊ शकतं. खाली केलं तर थांबतं. उशी सारखी करायची असली तरी आधी नर्सला हाक मारा, ती नळी बंद करेल.

घरी राहणाऱ्या दादालाही तेच सांगा जे तिला सांगितलं: त्याच्या ढकलण्याने हे झालेलं नाही. भेटायला आणण्याआधी त्याला बँडेज आणि सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो दाखवा. फोटो पाहून त्याला आत यायचं नसेल तर आग्रह करू नका.