ते पाल, ती पाल

(दृश्य: पौषातली सकाळ. माळावर गाढवं, जमिनीवर पसरलेली ताडपत्री.)

जेजुरी. पौष पौर्णिमेला इथे गाढवांचा बाजार भरतो. त्यासाठी भटकी कुटुंबं माळावर उतरू लागली आहेत.

राहायला पाल, म्हणजे कापडी झोपडी, उभारायचं. आधी दोन मेढी रोवायच्या. त्यांच्या बेचक्यांत आढं, म्हणजे आडवं लाकूड, ठेवायचं. वरून ताडपत्री, अपुरी पडली तर जुनं लुगडं जोडायचं. मग तणावे ओढायचे आणि खुंट्या ठोकायच्या. या मावशींचे हात बघा. खुंटी तिरकी ठोकतात, पालापासून लांब कललेली. सरळ ठोकली तर पहिल्याच वावटळीत उपटून येईल. शेवटी भोवती चर खणायचा, तोंडाशी तीन दगडांची चूल मांडायची. झालं पाल.

(दृश्य: घराची भिंत, ट्यूबलाइटमागे पाल.)

गावातल्या पक्क्या घरांत मात्र हा शब्द ऐकला की आधी आठवते ती भिंतीवर चुकचुकणारी पाल. बदललं ते फक्त लिंग.

(दृश्य: मदुराई, चहाचा ठेला. उंचावरून पडणारी दुधाची धार.)

इथे तमिळमध्ये पाल् म्हणजे दूध. मल्याळममध्येही पाल्, तेलुगूत पालु. कन्नडमध्ये जुन्या 'प'चा 'ह' झाला, म्हणून हालु. या भाषांचं कूळ वेगळं, मराठीचं वेगळं. आवाज तेवढा जुळला.

(दृश्य: पुन्हा माळ. टोपली विणणारे हात.)

आणि ही कैकाडी कुटुंबं. राहतात ते मराठी पालात, पण त्यांची घरची बोली द्राविडी, तमिळच्या जवळची. ती ऐकायला कुणी थांबत नाही. आम्ही थांबलो.

(दृश्य: जुना फोटो, युरोपातला रोमा लोकांचा तांडा.)

इंग्रजीत जिवलग दोस्ताला पॅल म्हणतात. हा शब्द इंग्रजीला दिला तो रोमा लोकांनी. त्यांच्याकडे फ्राल म्हणजे भाऊ. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेली ही माणसं. संस्कृत 'भ्रातृ'चं तिकडे फ्राल झालं, इकडे भाऊ.

(दृश्य: म्हातारे आजोबा, पालाच्या तोंडाशी.)

१८७१मध्ये आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या यादीत पुढे कैकाडीही घातले गेले. १९५२मध्ये कायदा रद्द झाला. पण पालाला कायमचा पत्ता नाही, म्हणून दाखल्याच्या अर्जावर पत्त्याची ओळ अजून अडते.

(दृश्य: संध्याकाळ. पालातली चूल, पातेल्यात दूध. निवेदन नाही, कैकाडी बोलीतलं बोलणं तसंच ऐकू येऊ द्यावं.)