पहिली धार आणि बाकीची वाफ

श्रोतेहो, नमस्कार. आज घरी दारू गाळण्याच्या यंत्राविषयी बोलायचं आहे. कायद्याचं आधी सांगून टाकते. बहुतेक देशांत परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहे. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती गाळायला मुभा आहे, पण असे देश थोडेच. तेव्हा आपल्याकडचा कायदा आधी बघा, भांड्याचं नंतर.

या विषयात पहिला प्रश्न येतो तो मिथेनॉलचा, म्हणजे विषारी अल्कोहोलचा: ते दारूतून वेगळं कसं काढायचं? आकडे पाहिले तर उत्तर सोपं वाटतं. मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सिअसला उकळतं, इथेनॉल, म्हणजे दारूतलं नेहमीचं अल्कोहोल, ७८.४ला, पाणी १००ला. मग पहिली धार ओतून दिली की विष गेलं! पण भांड्यात हे तिघे वेगळे बसलेले नसतात. मिश्रण एकजीव असतं आणि ते आपल्याच हिशेबाने उकळतं. दहा टक्के अल्कोहोलचा सडवा, म्हणजे गाळण्याआधीचं आंबवलेलं मिश्रण, साधारण ९२-९३ अंशांना. वाफेत सगळंच थोडंथोडं येतं, म्हणून मिथेनॉलही शेवटपर्यंत पाझरत राहतं. पहिली धार तरीही टाकायचीच, कारण अ‍ॅसिटाल्डिहाइडसारखी उग्र द्रव्यं तिच्यातच जास्त असतात. लोक तिचंच कौतुक का करतात, कोण जाणे.

साखरेच्या सडव्यात मिथेनॉल जेमतेम असतं. ते मुख्यतः फळांच्या पेक्टिनपासून, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या द्रव्यापासून, तयार होतं. विषारी दारूने एकदम अनेक माणसं दगावतात, तेव्हा बहुधा कोणीतरी कारखान्यातलं मिथेनॉल त्यात मिसळलेलं असतं. आणि हो, ज्योत निळी म्हणजे माल चांगला, ही परीक्षा विसरा. मिथेनॉलही निळंच जळतं. पिऊन काही तासांनी नजर धुरकट झाली, तर घरी झोपून राहू नका. रुग्णालयात यावर उतारा आहे, पण वेळेत पोचायला हवं.

मला मात्र जास्त धास्ती आगीची वाटते. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ज्योतीपाशीही पोचते. चाळीस टक्क्यांचा द्रव २६ अंशांच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या खोलीतही, पेट घेण्याइतकी वाफ सोडतो. आणि दिवसाउजेडी ती ज्योत धड दिसतही नाही. म्हणून उघडी शेगडी नको, विजेचं तापक वापरा. खोली हवेशीर हवी. गाळलेला माल काचेच्या भांड्यात, उष्णतेपासून दूर धरायचा. कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा आणि काम चालू असताना उठून जाऊ नका. वाफ थंड करणाऱ्या गार पाण्याचा प्रवाह थांबला, तर आधी वीज बंद, चौकशी नंतर.

भांडं तांब्याचं किंवा स्टीलचं. गाडीचा जुना रेडिएटर अजिबात नको. त्यात शिशाचं डाखकाम असतं, शिवाय कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे अंश.

वाफेची वाट कधीही बंद होता कामा नये. नळीवर तोटी नको, बूच नको. भांडं पाऊण भरलं की पुरे, नाहीतर फेस चढून नळी तुंबते आणि आत दाब वाढतो. सांध्यांना पिठाचा लेप लावण्याची जुनी रीत मला आवडते. दाब वाढलाच तर आधी लेप सुटतो, भांडं फुटत नाही. नळीचं टोकही द्रवात बुडवू नका. आच बंद झाली की आतली वाफ आकसते, नळीतून द्रव मागे ओढला जातो आणि पातळ पत्र्याचं भांडं चेपतं.