पाणी कुठवर आलतं?

(दृश्य: शुक्रवार पेठेतली भिंत. तेलरंगाची रेघ. कॅमेरा रेघेवरून हळूहळू खाली, उंबऱ्यापर्यंत.)

ही रेघ २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराची. तिच्या वर चार बोटं आहे ती २०२१ च्या जुलैमधली. गंगावेशीतून घाटाकडं उतरत जावं तशा रेघा चढत जातात. आधी गुडघ्याला, मग कमरेला, मग थेट मीटरच्या पेटीला.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळच्या चहाबरोबर हाच आकडा विचारतात. पण बंधाऱ्यावर ४३ झालं तर आमच्या दारात किती, हे तिथल्या फूटपट्टीला काय माहीत? ते ह्या रेघा सांगतात.

(दृश्य: जेवणघर. परातीशेजारी लॅपटॉप. कीबोर्डवर बोटं.)

घरातली भाची कॉलेजला आहे. रेघांचा नकाशा करायचा म्हणून दारोदार फिरून तिनं प्रत्येक रेघेपाशी मोबाईलवर अक्षांश-रेखांश टिपले. रेघा भरल्या २३. नकाशाला हत्यार साधंच: पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि त्यातली स्टॅटिकमॅप नावाची छोटी लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. रुंदी ८०० पिक्सेल, उंची ८००, ठिपक्याचा रंग, ठिपक्याचा आकार. आठ-दहा ओळींत काम.

खालचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा उद्योग. जगभरच्या लोकांनी आपापल्या गल्ल्या स्वतः काढून त्यात घातल्या. पैसे द्यायचे नाहीत, कोपऱ्यात त्यांचं नाव तेवढं लिहायचं. आपल्या गावाचा नकाशा आपण काढावा, यापरतं काय हवं?

हा नकाशा अखंड येत नाही, २५६ पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांत येतो. झूम शून्यावर अख्खी पृथ्वी एका तुकड्यात. एक पायरी चढलं की एकाचे चार. पंधराव्या पायरीला १०७ कोटींच्या वर तुकडे. आपल्याला त्यातले विसेक पुरतात. लायब्ररी तेवढेच मागवते आणि वाकळेसारखे एकमेकांना जोडते.

(दृश्य: स्क्रीन. सगळा निळा.)

हा पहिला प्रयत्न.

मावशी म्हणाली, "अगं, हे तर समदंच बुडालंय की!"

शाळेत आपण अक्षांश आधी म्हणतो, मग रेखांश. ह्या लायब्ररीला रेखांश आधी लागतो. कोल्हापूर १६.७ उत्तर, ७४.२ पूर्व. आकडे उलटे पडले आणि शुक्रवार पेठ गेली नॉर्वेच्या उत्तरेला, थंडगार समुद्रात. अदलाबदल केल्यावर परत आली. पंधराव्या पायरीला एक पिक्सेल म्हणजे साधारण साडेचार मीटर, त्यात बोळ दिसेना. मग सोळावी धरली.

(दृश्य: नकाशावरची मोडकी अक्षरं, अगदी जवळून.)

आता नावं. ती लिहायला पिलो ही दुसरी लायब्ररी. देवनागरी फॉन्ट दिला नव्हता तोवर नुसते चौकोन उमटले. फॉन्ट दिला, तर हे बघा: 'शिवाजी पूल'मधली पहिली वेलांटी 'श'ला सोडून 'व'ला जाऊन चिकटलीय. अक्षरं टाईप केली त्याच क्रमानं मशीननं ओळीत मांडली, आधी 'श', मग वेलांटी. ती 'श'च्या अलीकडं काढायची असते, हे कळायला राक्म नावाची आणखी एक लायब्ररी जोडावी लागते. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. रोमन लिपीत लिहून मोकळं होता आलं असतं. पण नकाशा वाचणार मावशी.

(दृश्य: पूर्ण नकाशा. निळे ठिपके, लाल ठिपके. नदीचं वळण.)

निळे २०१९ चे, लाल २०२१ चे. दोन्ही साली बंधाऱ्यावर पाणी ५० फुटांच्या पार गेलं होतं. नकाशाची प्रिंट तालमीच्या फलकावर लागली, व्हॉट्सॲपवरही फिरली, आणि ह्या पावसाळ्यात खालच्या दोन घरांनी धान्य वेळेत माळ्यावर चढवलं.

(दृश्य: तालमीचा फलक. मावशी नकाशापुढं. बोट घाटावरून चढत येतं, एका लाल ठिपक्यावर थांबतं. निवेदन नाही. १२ सेकंद.)