नाव घातलेली भांडी

(दृश्य : जुन्या इमारतीतलं घर. स्टुलावर चढून एकजण माळ्यावरची भांडी खाली देतोय.)

इमारत पुनर्विकासाला गेली, की घरातला माळा उपसावाच लागतो. तिथून काय काय उतरतं! पाणी तापवायचा तांब्याचा बंब, घंगाळ, पितळेची पातेली, कळशी, परात. गीझर आला आणि बंब वर गेला. घरात स्टील शिरलं, कल्हईवाला दारावर यायचा थांबला, तसं पितळही वर गेलं. वापरात नाही, पण टाकवतही नाही.

का टाकवत नाही? जरा काठाखाली बघा.

(दृश्य : परातीचा काठ, अगदी जवळून.)

ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं. नवरीचं नाव, त्याखाली 'आत्याकडून सप्रेम', आणि लग्नाची तारीख. काही अक्षरं घासून घासून पुसट झालीत, एका वेलांटीची जागा चुकलीय. भांड्यांच्या दुकानात असं नाव घालून मिळायचं. कार्याला भांडी शेजारीपाजारी जायची, ती ज्याची त्याला परत यावीत ही त्यातली सोय. पण आज आत्या नाही, नवरी आजी झालीय, आणि ही परात मोडीत द्यायची म्हटलं की हात अडतो. मोडीत भाव पितळेच्या वजनाला मिळतो. आत्याच्या नावाला कोण काय देणार?

लोकांनी वापरातून काढलेल्या अशाच वस्तूंसाठी पुण्यातल्या एका माणसाने आयुष्य वेचलं. दिनकर गंगाधर केळकर, १८९६ ते १९९०. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे. चष्म्यांच्या दुकानाचा घरचा व्यवसाय सांभाळून ते गावोगाव फिरले आणि अडकित्ते, दिवे, दौती, पाय घासायच्या वज्री, कुंकवाचे करंडे गोळा करत राहिले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. राजामहाराजांच्या रत्नांपेक्षा त्यांना घराघरातल्या कारागिरीचं मोल जास्त वाटलं. साधी सुपारी कातरायची, तर अडकित्त्याला पोपटाचा आकार कशाला हवा? पण कुणीतरी तो हौसेने घडवला होता, आणि ती हौस केळकरांना जपावीशी वाटली.

(दृश्य : संग्रहालयाची पाटी.)

सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह पुढे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. बाजीराव रोडजवळच्या या संग्रहालयाला नाव आहे ते लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं. राजा.

संग्रहालयात पोचलेल्या वस्तूचं कूळ निदान कुणीतरी नोंदवून ठेवतं. माळ्यावरच्या भांड्यांचं ते फक्त आजीला ठाऊक असतं. म्हणून या घरातली नात वही घेऊन बसलीय. एकेक भांडं आजीसमोर ठेवते, विचारते, लिहून घेते. कळशी माहेरची. घंगाळ सासूबाईंच्या वेळचं. एक पातेलं शेजारणीचं निघालं, पन्नासएक वर्षं परत द्यायचं राहिलेलं!

नव्या फ्लॅटला माळा नाही. बंब मोडीत जाणार, हे आजीनेच ठरवलंय. परात मात्र दोन्ही मुलांना हवी आहे.