पित्त नव्हे, हे डाग वेगळे

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईतल्या एका रक्तपेढीत मी 28 वर्षं तंत्रज्ञ होते. रात्री दोन-अडीचला खिडकीशी येणारा माणूस बहुधा कुणाचा तरी बाप असतो. हातात थर्माकोलचा डबा, मागणीचा कागद आणि रक्ताच्या नमुन्याची छोटी बाटली. मे महिन्यातल्या एका रात्री आलेल्या कागदावर लिहिलं होतं : वय 2 दिवस, वजन 2.8 किलो, एफएफपी हवं. निदान, पर्प्युरा फुल्मिनन्स, म्हणजे अंगावर झपाट्याने जांभळे-काळे डाग पसरवणारा आजार.

एफएफपी म्हणजे गोठवून ठेवलेला ताजा प्लाझ्मा, रक्तपेशी बाजूला काढल्यावर उरणारा द्रव. तो बाप म्हणाला, "ताई, सकाळी मांडीवर जांभळाएवढा डाग होता. आता काळा पडलाय, आणि पाठीवर दुसरा आलाय."

आपल्या रक्तात गुठळी करणारी मंडळी असतात, तशी ‘आता पुरे’ म्हणणारीही असतात. प्रोटीन सी हे त्यातलं एक. ते यकृतात तयार होतं. काही बाळांच्या अंगात जन्मतःच ते जवळजवळ नसतं. मग कातडीतल्या बारीक बारीक नळ्यांत रक्त गोठत जातं, पुढचा पुरवठा तुटतो आणि तेवढी कातडी मरते. गोठवणारा सगळा माल तिथेच खर्ची पडल्यामुळे दुसरीकडून रक्त वाहायला लागतं. एकाच अंगात गोठणं आणि वाहणं, दोन्ही. डोळ्यांत आणि मेंदूतही गुठळ्या होतात. म्हणून इथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशोब असतो.

त्या बाळाला एका वेळी 40-42 मिलिलिटर प्लाझ्मा हवा होता. कटिंग चहाचा ग्लास अर्धाही भरणार नाही, एवढाच. गोठलेली पिशवी पापडासारखी असते, जरा आपटली की तडकते. ती 37 अंशांच्या पाण्यात ठेवायची, पाणी याहून गरम चालत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत आतला बर्फ सुटतो आणि ताकाच्या निवळीसारखा पिवळसर द्रव दिसू लागतो. त्यात दात्याचं प्रोटीन सी असतं. पण ते अंगात सहा-आठ तासांतच निम्मं होतं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, जखमा भरेपर्यंत. कधी सहा-आठ आठवडे. नुसतं प्रोटीन सी काढून केलेलं औषधही आहे, पण ते अतिशय महाग आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. पुढे रक्त पातळ ठेवण्याची औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात. यकृताचं प्रत्यारोपण झालं तर नवं यकृत प्रोटीन सी बनवतं.

अशा बाळाच्या आईला घरात काय काय ऐकावं लागतं! ग्रहण पाळलं नव्हतं का, सुरी हातात धरली होती का. बायांनो, ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. आई आणि वडील, दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच हा गंभीर प्रकार होतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे; नात्यातल्या लग्नात अशी जुळणी होण्याची शक्यता वाढते. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका 25 टक्के. तपासण्या मुंबईतच होतात. परळला केईएमच्या आवारात रक्तविकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. पुढचं मूल हवं असेल तर आधी तिथे जाऊन विचारा.

जन्मजात प्रकार फार दुर्मीळ. मोठ्या मुलांत आणि माणसांत हेच संकट बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे येतं. मेनिंगोकॉकस, न्यूमोकॉकस हे जंतू, किंवा गोचीड चावल्यावर येणारा रिकेट्सियाचा ताप. सुट्टीत गावी जाऊन आल्यावर ताप आला तर गुरं, कुत्री, गोचिडी यांचा उल्लेख डॉक्टरांकडे जरूर करा; त्या तापावर डॉक्सीसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध चालतं आणि अशा वेळी ते लहान मुलांनाही देतात. कांजिण्या बऱ्या होत आल्यावरही क्वचित पायांवर असे डाग उठतात. ज्यांची पानथरी काढली आहे त्यांनी लसी चुकवू नयेत, आणि साधा ताप आला तरी अंगावर काढू नये.

घरात काय होतं, ते मी ऐकलेलं आहे. "पित्त उठलंय" म्हणून आमसुलाचं पाणी लावतात आणि सकाळची वाट बघतात. पित्ताच्या गांधींवर काचेचा साधा ग्लास दाबा, लाली विरते. हे डाग काचेखालीही तसेच दिसतात. सावळ्या अंगावर नीट कळत नसेल तर तळहात, तळपाय आणि पापणीच्या आतली बाजू बघा. ताप आहे आणि डाग दाबून जात नाहीत, एवढं दिसलं की रिक्षा बोलवा. रुग्णालयाच्या दारात हीच दोन वाक्यं सांगा. रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू करावं लागतं. शेक देऊ नका, चोळू नका. मेलेली कातडी पुढे शस्त्रक्रियेने काढतात, कधी बोटंही जातात. जितका उशीर, तितकं जास्त.

त्या रात्री आम्ही एबी गटाची पिशवी काढली, कारण एबीचा प्लाझ्मा कुठल्याही गटाला चालतो. मे महिन्यात शिबिरं नसतात, कॉलेजं बंद, लोक गावी. कपाटात एबीच्या दोनच पिशव्या होत्या. प्लाझ्मा नीट गोठवला तर वर्षभर टिकतो. पिशवीवर दात्याचं नाव नसतं, नंबर आणि तारीख असते. मी तारीख वाचली. आठ महिन्यांपूर्वीची, गणपतीतली. कुठल्याशा मंडळाच्या मांडवात, आरतीच्या आधी, कुणीतरी हात पुढे केला होता.