बिल दर पानाला वर चढतंय? आधी ओळी मोजा

नमस्कार मंडळी!

(कागदाची लांब पट्टी कॅमेऱ्यासमोर उलगडत) हे बघा. पहिलं बिल बरोबर. दुसऱ्यात दुकानाचं नाव इंचभर वर, फाडायच्या रेघेपलीकडे. तिसऱ्यात दोन इंच. मेडिकल असो, पतसंस्था असो की मार्केट यार्डातली आडत, जिथे डॉसमधलं (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवरचं) जुनं बिलिंग आणि डॉट मॅट्रिक्स, म्हणजे रिबिनीवर पिना मारून छापणारा प्रिंटर आहे, तिथे हे दुखणं ठरलेलंच. मग माणूस काय करतो? बाजूचा नॉब फिरवून कागद जुळवतो. चालू प्रिंटरचा नॉब फिरवू नका हो! पान कुठून सुरू झालं, हा त्याचा हिशोबच बिघडतो. प्रिंटर बंद करा, रेघ जुळवा, मग चालू करा.

आता मूळ कारण. जुन्या सॉफ्टवेअरला कागद कळत नाही, ओळी कळतात. इंचाला ६ ओळी. अमेरिकेतला ११ इंची कागद धरून त्यात ६६ ओळींचं पान ठरवलेलं असतं. आपल्याकडचा भोकांचा कागद बहुतेक १० बाय १२, म्हणजे ७२ ओळी. सहा ओळी कमी, म्हणून दर पान इंचभर वर. आणि गंमत बघा, तेरावं बिल आपोआप जागेवर येतं, कारण ११ इंची १२ पानं म्हणजे १२ इंची बरोबर ११ कागद! म्हणून दुकानदार सांगतो, "कधी कधी नीट येतं."

चूक कोणाची, ते असं ओळखा. कागद रेघेवर लावून प्रिंटरचं फॉर्म फीड (कागद पुढच्या पानावर नेणारं) बटण दाबा. कागद पुढच्या रेघेवर थांबला, तर प्रिंटर ठीक. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ६६ चे ७२ करा. इंचभर आधी थांबला, तर प्रिंटरमधली पानाची लांबी १२ इंच करा. एप्सनच्या पद्धतीने चालणाऱ्या प्रिंटरला सॉफ्टवेअरमधूनही सांगता येतं: सुरुवातीला प्रिंटरला पाठवायचे आकडी कोड २७, ६७, ७२, म्हणजे "पान ७२ ओळींचं". फॉक्सप्रोवाले (त्या जुन्या डेटाबेस भाषेत प्रोग्रॅम लिहिणारे) हे चटकन ओळखतील.

दर ओळीनंतर एक ओळ कोरी येतेय? प्रिंटरमधलं ऑटो लाइन फीड (स्वतःहून एक ओळ पुढे सरकणं) बंद करा. उजवीकडची रक्कम कापली जातेय? रिपोर्ट १३२ अक्षरांचा आहे आणि आठ इंचात साध्या टाइपची ८०च मावतात. आधी कोड १५ पाठवा, अक्षरं बारीक होतील. शेवटी १८, नाहीतर पुढचं बिलही बारीक.

विंडोजमधून छापत असाल, तर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये १० बाय १२ चा नवा फॉर्म बनवा आणि प्रिंटरला तोच निवडून द्या. ए-फोरवर ठेवाल तर पान सरकणारच.

लेसर प्रिंटर लावायचा विचार असेल, तर ए-फोरवर साधारण ६४ ओळी बसतात. ६६ ओळींच्या बिलातली शेवटची "एकूण" पुढच्या पानावर जाते. त्यातही बरेच स्वस्त यूएसबी लेसर डॉसचा साधा मजकूर घेतच नाहीत. पैसे देण्याआधी विचारा, याला पीसीएल (प्रिंटरला सूचना द्यायची एक भाषा) कळतं का?